मेन स्विचजवळची खुर्ची

मला राग पटकन येतो. जन्म लालबागचा, त्यात मालवणी, त्यात ऐन उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली, मग काय बघायचं. चाळीत मला गुणाजी सेक्रेटरी म्हणतात. मी जिन्यात दिसलो की गॅलरीत क्रिकेट खेळणारी पोरं बॅट पाठीमागे लपवतात. याचा मला इतकी वर्षं अभिमान होता, आता नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय. पण गोष्ट माझी नाही, माझ्या बहिणीची आहे. मी मध्ये मध्ये येणार, कारण घाण मी केलीय.

शेवंती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आता चोपन्नची आहे. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही. म्हणजे, येतो त्याच्यावर. भोईवाडा कोर्टाच्या बाहेर निळ्या ताडपत्रीखाली तिचं टेबल आहे. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि एक प्रिंटर, जो उन्हाळ्यात कागद खातो. नाव बदलायचं प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, रेशनकार्ड हरवल्याचा अर्ज, असलं सगळं ती टाइप करून देते. बाकीचे टायपिस्ट कागद काढतात, बोट ठेवून 'इथे सही' म्हणतात आणि पुढच्याला हाक मारतात. ही तसं करत नाही. ही टाइप केलेलं सगळं माणसाला मोठ्याने वाचून दाखवते आणि विचारते, "हे असंच झालं ना? मग करा सही." माणूस घाईत असतो, वैतागतो. वैतागला तरी ही वाचते. मी कितीदा म्हटलं, अगं, तो खरं लिहून देतो की खोटं, तुला काय करायचंय? तर म्हणते, "दादा, वाचून दाखवलं की अर्धे लोक एखादी ओळ बदलायला सांगतात."

घरात आम्ही दोघंच. माझी बायको आठ वर्षांपूर्वी गेली. मुलगी अनुजा लग्न होऊन नायगावला दिली. शेवंती सकाळी डबा करून जाते, संध्याकाळी येताना मासे घेऊन येते आणि बांगडा ताजा नसेल तर कोळणीला न ओरडता असं काही बोलते की ती गुपचूप बदलून देते. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. आमच्या घरातला आवाज सगळा माझ्याच वाटणीला आला.

दोन वर्षांपूर्वी नूपुर नावाची दादरची एक मुलगी नाव बदलायचं प्रतिज्ञापत्र करायला तिच्या टेबलाशी आली. शेवंतीने नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. त्या मुलीने सही केली आणि गेलीच नाही. तिथेच स्टुलावर बसून दोन तास हिचं काम बघत राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली. आठ दिवसांनी जेवताना शेवंती मला म्हणाली, "दादा, मला सिनेमात घेतायत."

मी म्हटलं, "कोणाची आई?"

"आई नाही. मुख्य काम आहे."

मी हसलो. भाताचा ठसका लागला इतका हसलो. तीही थोडी हसली आणि मला पाणी दिलं. मग सांगितलं की मोठी कंपनी नाही, पाच-सहा मित्रमैत्रिणींनी मिळून काढलेला सिनेमा आहे, नटनट्या नाहीत, खरीच माणसं घ्यायची आहेत. गोष्ट एवढीच. कोर्टाबाहेर टाइप करणारी बाई, आणि परगावाहून भावाच्या ऑपरेशनसाठी परळला आलेला एक माणूस. त्याला एक कागद करून हवा असतो. त्यातून ओळख होते. तीन दिवस दोघं शहरात फिरतात, चौथ्या दिवशी तो गावी जातो. सिनेमाचं नाव 'तीन प्रती'.

"म्हणजे लव्हस्टोरी," मी म्हटलं.

"हो."

"या वयात?"

"त्यांना याच वयाची हवी होती," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

मी नाही म्हणालो नाही, एवढंच माझं मोठेपण. शनिवार-रविवारी शूटिंग चालायचं. एकदा तो हिरोही घरी आला. ॲलॉयशियस नाव, भायखळ्याचा, गोदीत क्लार्क होता, आता रिटायर आणि चर्चमध्ये गातो. मराठी आपल्यासारखंच बोलतो, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. बहिणीने, फ्लॉरेन्सने, केलेला मसाला एका बाटलीत घालून घेऊन आला होता. मी ती बाटली हातात न घेता विचारलं, "तुमचं लग्न झालंय का?"

"नाय हो गुणाजीभाऊ," तो म्हणाला. "आमच्या घरी पाच बहिणी. त्यांची करता करता माझा नंबर राहिला."

शेवंतीने बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "फ्लॉरेन्सबाईंना सांगा, उद्याच्या कालवणात घालते." मी पेपर उघडून बसलो. माणूस साधा होता. मला तो आवडू नये म्हणून मी पेपर वाचत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

सिनेमा व्हायला वर्ष गेलं. मग या जानेवारीत शेवंतीने मला एक गोष्ट मागितली. सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. लहानपणी पूजेला दोन इमारतींच्या मध्ये पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. अर्धी चाळ पडद्याच्या पुढून बघायची आणि अर्धी मागून, मागच्यांना सगळे हिरो डावखुरे दिसायचे. ती पद्धत कधीच बंद पडली. शेवंती म्हणाली, "या वर्षी पूजेला आमचा सिनेमा लावूया का? नूपुर प्रोजेक्टर आणेल."

तीस वर्षांत तिने मंडळाकडे काही मागितलं नव्हतं. मी विचारलं, "त्यात तसलं काही नाही ना?"

"तसलं म्हणजे?"

"तसलं म्हणजे तसलं. चार लोकांत बसून बघायचंय."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. चाळीत नको ते मी काढायला लावलंय."

मी समजलो ते समजलो. म्हटलं, शहाणी आहे बाई, आपली इभ्रत राखली.

पूजा झाली, साडेसातला सिनेमा लागला. दोनशे माणूस असेल. खाली खुर्च्या, वर चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. शेवंती नवीन साडी नेसून बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती, जांभळ्या काठाची. पडद्यावर ताडपत्री आली, टेबल आलं, आणि शेवंती आली तेव्हा चाळीने टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, माझीही छाती फुगली. सगळं ठीक चाललं होतं. मग तो बाकावरचा सीन आला.

फाइव्ह गार्डनचा बाक. संध्याकाळ. दोघं बसलेले. ॲलॉयशियस तिचा हात हातात घेतो. ती काढून घेत नाही. मग ती चष्मा काढते, मांडीवर ठेवते आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकते. बस्स, एवढंच. पण तिचा चेहरा. तो चेहरा मी आयुष्यात एकदाच बघितला होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी, आणि मला तो परत बघायचा नव्हता. वरून कोणीतरी शिट्टी मारली. मागून आवाज आला, "गुणाजीकाका, भावोजी मिळाले." लोक हसले. वाईट हसले असंही नाही, चाळीत हसतात तसं हसले.

मी उठलो. जिन्याखाली मंडळाचं मीटर आहे, तिथे गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. पडदा गेला, मांडवाचे दिवे गेले. बाहेर येऊन मी म्हटलं, "लोड आला. बंद करावं लागेल."

घराघरांतले दिवे लख्ख चालू होते. जिन्यातला बल्ब चालू होता. सगळ्यांना दिसत होतं. पण सेक्रेटरी म्हणाला लोड आला, म्हणजे आला. नूपुर धावत आली, "काका, शेवटची पंचवीसच मिनिटं राहिलीत, मी दुसरीकडून लाइन घेते." मी तिला म्हटलं, "आज राहू दे. भजनवाले थांबलेत." भजनवाले थांबले नव्हते, चहा पीत होते. त्यांना मी उठवून बसवलं.

शेवंती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. तिने माझ्या हाताकडे बघितलं. मीटरच्या खोक्यातली जळमटं बोटांना लागली होती. ती म्हणाली, "दादा, हात धू. प्रसाद वाटायचाय." आणि स्वतः द्रोण लावायला गेली. त्या जांभळ्या काठाच्या साडीत तिने दोनशे माणसांना शिरा वाटला. ज्यांनी तिला अर्धंच बघितलं होतं, ते तिच्याकडून प्रसाद घेत होते आणि द्रोणाकडे बघत बाजूला होत होते.

पुढचे तीन आठवडे ती एक शब्द बोलली नाही. म्हणजे बाकी सगळं बोलली. गॅस संपत आलाय, गोळ्या घेतल्यास का, किल्ली कुठे ठेवलीस. सिनेमाचं नाव नाही. भांडली असती तर मी दुप्पट भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती तसा मोका देत नाही. मी मनात स्वतःशीच वाद घालायचो की मी केलं ते बरोबरच केलं, घराची लाज राखली. आणि दर वेळी वाद मीच हरायचो.

मग अनुजाचा फोन आला. दादरला एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवणार होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर येताय. पूजेला जे केलंत ते मला कळलंय. नाही आलात तर पुन्हा मला फोन करू नका." पोरगी माझ्यावर गेलीय. मी गेलो. शेवंती आली नाही, म्हणाली कामं पडलीत.

चाळीस खुर्च्यांचा हॉल. सगळी अनोळखी माणसं. कोणी शिट्टी मारणारं नव्हतं. तोच सिनेमा, तीच ताडपत्री. बाकावरचा सीन आला, तिने चष्मा काढला, डोकं टेकलं. माझा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. इथे स्विच नव्हता. आणि मग डोकं तसंच ठेवून शेवंती बोलायला लागली.

"मला एकदा स्थळ आलं होतं," ती म्हणाली. "गिरगावचं."

आता मला ते सांगायला लागणार.

साल होतं अठ्ठ्याण्णव. आईवडील गेलेले, घरात मोठा मीच. गिरणी बंद पडून दोन वर्षं झालेली. अनुजा दीड वर्षाची. शेवंती सत्तावीसची, कोर्टाबाहेर टाइप करायची आणि तिच्या कमाईवर आम्ही चौघं जेवत होतो. त्यात पेडणेकरांचं स्थळ आलं. मुलगा वासुदेव, गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर. पोहे झाले, दोघांनी एकमेकांना पसंत केलं. दोनदा बाहेर भेटले. एकदा चौपाटीवर, आणि एकदा तो दुपारी डबा घेऊन तिच्या टेबलाशी जेवायला आला. त्या दिवशी ती घरी आली तेव्हाचा तिचा चेहरा, तोच तो, जो मला बघायचा नव्हता. शेवटी रीत म्हणून पत्रिका दिल्या-घेतल्या. त्यांची आमच्याकडे आली, हिची त्यांच्याकडे गेली.

मी त्यांची पत्रिका कोणालाच दाखवली नाही. तशीच पाकिटात घातली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.' आपल्यात हे चार शब्द कोणी तपासत नाही. मुलगी काळी असो, मुलाला नोकरी नसो, घर लहान असो, सगळ्यावर हेच उत्तर. ऐकणाऱ्याचा अपमान होत नाही आणि सांगणाऱ्याला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. पण हे परक्याला सांगायचं असतं. मी घरातल्यालाही तेच सांगितलं. शेवंतीला म्हटलं, त्यांच्याकडून नकार आलाय, पत्रिका जुळत नाही म्हणतात. ती "बरं" म्हणाली आणि अनुजाला भरवायला लागली. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मरेपर्यंत कोणाला कळणार नाही, अशी माझी खात्री होती.

पडद्यावर शेवंती सांगत होती, "भाऊ म्हणाला, त्यांनी नाही म्हटलं. मी मानलं. दहा दिवसांनी पोस्टमन आला. घरी मी एकटीच होते. पाकिटात माझी पत्रिका परत आली होती आणि मुलाच्या वडिलांचं पत्र. 'आपल्या पत्रावरून पत्रिका जुळत नसल्याचे समजले. आम्ही पाहिली, त्यात छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळत होते. असो. मुलीस अनेक आशीर्वाद.'"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्याला नकार मिळतो, तोही दुसऱ्याची पत्रिका परत पाठवतो. साधी रीत आहे, सगळ्या घरांत पाळतात. मी पेडणेकरांची परत पाठवली आणि विसरलो की हिचीही परत येणार.

ॲलॉयशियसने विचारलं, "भावाला विचारलंस नाय?"

"नाही."

"का गं?"

"विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. मग एका खोलीत आम्ही राहणार कसे? आणि मला वाटलं, तो आपणहून सांगेल. आधी वाटलं महिन्याभरात सांगेल. मग वाटलं, त्याला काम लागलं की सांगेल. मग त्याची मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तेव्हा वाटलं, आज नक्की सांगेल. अजून वाटतं कधीकधी. जेवायला बसलो की वाटतं."

अनुजाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बाबा?" एवढंच म्हणाली. मला तोंड वर करता येईना. अंगावरचा शर्ट काढून घेतल्यासारखं झालं. तिच्या लग्नात शेवंती दिवसभर माझ्या आसपास होती, ते मला आठवलं. मला वाटलं होतं, कामासाठी आहे.

सिनेमा संपला. लोक टाळ्या वाजवत होते. नूपुर येऊन आमच्यासमोर उभी राहिली. पोरीने रागावायला हवं होतं, पण ती हळूच म्हणाली, "काका, हा भाग पूजेच्या प्रतीत नव्हताच. मावशींनी काढायला लावला होता. म्हणाल्या, आमच्या चाळीत दादाला मान आहे." मग म्हणाली, "हे लिहिलेलंही नव्हतं. त्या बाकावर त्या आपणहून बोलल्या. आम्ही कॅमेरा बंद केला नाही, इतकंच."

म्हणजे बघा काय झालं ते. तिने माझी लाज आधीच कापून टाकली होती. मग तिच्या वाट्याला जेवढं उरलं होतं, एक बाक आणि एक खांदा, तेवढ्यासाठी तिला चाळीत बसायचं होतं. ते मी बंद केलं. लाज राखायला गेलो होतो मी. कोणाची?

दादरहून लालबागपर्यंत चालत आलो. अनुजा नायगावच्या वळणापर्यंत बरोबर होती, पण निघताना नेहमी पाया पडायला वाकते तशी वाकली नाही. घरी आलो तेव्हा शेवंती बांगडे तळत होती. मी चपला न काढता दारातच उभा राहिलो. आत जाऊन बसलो असतो तर धीर गेला असता.

"शेवंते, गिरगावचं स्थळ मी मोडलं."

तिने बांगडा उलटला. "माका म्हायत आसा."

"तुला माहीत आहे, ते मला आज कळलं. तरी सांगतोय. पत्रिका मी दाखवलीच नव्हती. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं."

तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. सव्वीस-सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "का केलंस?"

मी खूप कारणं तयार ठेवली होती, वर्षानुवर्षं. मुलाचा पगार कमी, गिरगावची खोली लहान, सासू कडक. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "तू गेली असतीस तर मला कुठलंही काम धरावं लागलं असतं. हमालीसुद्धा. मी गिरणीतला जॉबर होतो, चार माणसांना कामाला लावणारा. मला त्याची लाज वाटत होती आणि भीतीपण. तू होतीस म्हणून मला घरी बसता येत होतं."

तिने कालथा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी थांबले असते कदाचित. दोन वर्षं, तीन वर्षं. किंवा गेले असते. पण ठरवलं मी असतं, दादा."

मी रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस, चाळीचा सेक्रेटरी, दारात उभा राहून रडलो. तिने मला जवळ घेतलं नाही, गप्प राहा असंही म्हणाली नाही. ताटं वाढली. आम्ही जेवलो. बांगडा गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "चाळीत पुन्हा दाखवू. पूर्ण. तो भाग धरून."

"कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे."

"मूठ माझी होती. आता उघडू दे."

"लोक तुला काय म्हणतील, विचार केलायस?"

"रात्रभर तोच केला."

ती डबा भरत होती. डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवलं, चष्मा पुसला. कागद वाचून झाल्यावर सही करायच्या आधी माणसाला वेळ देते, तसा तिने मला वेळ दिला. मी शब्द फिरवला नाही.

"दाखव," ती म्हणाली. "पण या वेळी मेन स्विचजवळ मी बसेन."

मला ते बरोबर वाटलं. माझ्यावर भरवसा ठेवायला मी काय केलं होतं?

पाडव्याच्या संध्याकाळी पुन्हा पडदा बांधला. मी स्वतः सगळ्या घरांत जाऊन सांगून आलो की त्या दिवशी लोड आला नव्हता, मी बंद केलं होतं. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ते आम्हाला माहितीय हो." ॲलॉयशियस फ्लॉरेन्सबाईंना घेऊन आला. त्याला मी पुढच्या रांगेत बसवलं आणि त्याच्या शेजारी बसलो. शेवंतीने प्लॅस्टिकची खुर्ची उचलून जिन्याखाली नेली, मीटरच्या खोक्याला लागून ठेवली. तिथून पडदा जेमतेम दिसतो.

बाक आला. चष्मा काढला, डोकं टेकलं. या वेळी वरून शिट्टी आली नाही. पडद्यावरची शेवंती म्हणाली, "मला एकदा स्थळ आलं होतं," आणि मी मागे वळून बघितलं.

ती खुर्चीतून उठून उभी होती. पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिचा उजवा हात मेन स्विचवर होता.

मला वाटलं होतं, ती माझ्यापासून सिनेमा राखायला तिथे बसलीय. तसं नव्हतं. मला झेपलं नाही तर बंद करता यावं, म्हणून ती तिथे बसली होती. दोनशे लोकांसमोर आपलीच गोष्ट दुसऱ्यांदा अर्ध्यावर तोडायला ती तयार होती. माझ्यासाठी.

मी मान हलवली. नको म्हटलं.

तिने हात खाली घेतला आणि खुर्चीत बसली.

पडद्यावर पोस्टमन आला, पाकीट आलं, छत्तीसपैकी सत्तावीस आले. पहिल्या मजल्यावरच्या पार्वतीकाकूंनी, ज्यांनी तेव्हा पोह्यांसाठी आपल्या घरच्या बशा दिल्या होत्या, मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या सुनेने. मग रांगेतल्या एकेकाने, मग वरच्या गॅलऱ्यांनी. ॲलॉयशियस तेवढा पडद्याकडे बघत राहिला.

सिनेमा संपायला पंचवीस मिनिटं होती. मी जागेवरून हललो नाही.